बिनपावसाची गळती

“दार लावा.”

“लावलं.”

“खिरकी?”

“ती पण लावली.”

“मंग आता गप ऱ्हावा नं वर बगा.”

हे तीन नंबरच्या खोलीत चाललं होतं आणि चार नंबरमध्ये वासंतीला जसंच्या तसं ऐकू येत होतं. चाळीच्या मधल्या भिंती माणसाच्या डोक्याच्या थोड्या वर जाऊन थांबत. तिथून कौलांपर्यंत नुसती पोकळी. त्या पोकळीतून फोडणीचे वास, खोकले, पाढे आणि नवरा-बायकोची भांडणं सगळ्या बिऱ्हाडांत सारखी वाटली जात.

ठक्. बांबूची काठी कौलाला खालून लागली.

“गोपीनाथ, हितं!”

छपरावर कौल सरकल्याची खरखर.

“मिटली का?” वरून आवाज.

“मिटली. फुरं सरक.”

मिटली ती चांदणी. सकाळी ऊन छपरावर आलं की दार-खिडकी लावून खोली अंधारी करायची. मग कौलांच्या फटींतून उजेडाचे ठिपके दिसतात. जिथे चांदणी तिथे फट, आणि जिथे फट तिथे आषाढात धार. मालकाने खालून चांदणीला काठी लावायची, छपरावरच्या माणसाने त्या ठक् च्या अंदाजाने कौल सरकवायचं. सगळ्या चांदण्या मिटल्या की खोली पास.

चाळीत याला कौलफेरी म्हणत. डोंबिवलीला, रुळांच्या पश्चिमेला, कोपरच्या खाडीकडे उतरणाऱ्या भातजमिनीवर भिवा म्हात्र्यांनी ही चाळ बांधली, तेव्हापासून होळी झाली की एकदा फेरी व्हायचीच. कुणाची तक्रार असो नसो. भिवाशेठ दोन वर्षांपूर्वी गेले. आता काठी त्यांच्या मुलाच्या, धाकूच्या हातात होती. मागून भिवाशेठची बायको ठमाबाई चालत यायची. ती काही करत नसे. भिंतीला पाठ टेकून बसायची, कुणी पाणी दिलं तर प्यायची आणि चार नंबरमधून उठताना तेवढं वर बघून हात जोडायची.

फक्त चार नंबरमध्ये. तीनमध्ये नाही, पाचमध्ये नाही.

का?

वासंतीने स्टोव्हला पंप मारला. पातेल्यातलं पाणी कधीचं खदखदत होतं. शेगडीवर दुसरं पातेलं होतं, तेही. बाहेर वैशाख, आत सातवा महिना लागलेली वासंती, आणि शिजायला काहीच नाही.


आषाढ

थेंब पहिल्यांदा पडला तो तीन वर्षांपूर्वी, अंथरुणावर. तिचा नवरा श्रीपाद उठून म्हणाला, “गळतंय.” वासंतीने तिथे पितळी वाटी ठेवली. मग तांब्या. मग बादली.

धाकूला निरोप गेला. धाकू डोक्यावर गोणपाट घेऊन आला, वर बघितलं, मान हलवली.

“पावसान कौलावर पाय नाय ठेवायचा, वहिनी. एक बसवाया जाईन नं धा फोरून येईन. फेरीला बगू.”

खरंच होतं ते. भिजलेल्या कौलांवर कुणीच चढत नाही.

वैशाख

दार लावलं. बाकीच्या ठिकाणी चांदण्या होत्या, त्या मिटल्या. बरोबर त्या जागेवर एकही नव्हती. वासंतीने हट्ट धरला म्हणून गोपीनाथने वरून घागरभर पाणी ओतलं. पाणी कौलांवरून पन्हळीत गेलं. आत टिपूससुद्धा नाही.

आषाढ

त्याच जागी.

वैशाख

चांदणी नाही. घागर ओतली. टिपूस नाही.

“वासंती,” तीन नंबरच्या मंदाकिनीबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, “तुमच्या खोलीपुरता वेगळा ढग ठेवलाय गं देवाने.”

चाळ हसली. वासंतीही हसली. तेव्हा हसण्यासारखं होतं.

आषाढ

तेव्हा नव्हतं. त्या वर्षी बाळ झालं. वासंतीला आई नव्हती, बाळंतपणाला माहेरी जायचा प्रश्न नव्हता. पाळणा टांगायचा तो खोलीच्या मधोमध, पुढच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत गेलेल्या तुळईला. पण मधोमध गळत होतं. मागे सरकवला की चुलीचा धूर. म्हणून पुढे, दाराजवळ टांगला. दाराला फट होती. फटीतून झड आत यायची. सर्दी झाली, छातीत उतरली. बाळ सव्वा महिन्याचंही झालं नाही.

पाळणा माळ्यावर गेला.

माघ

गणेशजयंतीला वासंतीने उकडीचे मोदक केले. गारठा होता म्हणून दार लावून घेतलं होतं. मोदकपात्राची तिसरी खेप उतरवताना तिच्या मनगटावर काहीतरी गार पडलं.

तिने वर पाहिलं. बाहेर लख्ख ऊन होतं. आभाळात ढग नव्हता, वेगळा नाही की सामाईक नाही.

थेंब त्याच जागेवरून आला होता.

तिने पदराने मनगट पुसलं. छपरातलं पाणी, नैवेद्याच्या स्वयंपाकात. हात धुतले, पुन्हा सोवळ्यात आली, उरलेले मोदक केले. पण त्या दिवसापासून वर बघायची तिची नजर बदलली. आधी ती कौलांकडे बघायची. आता तुळईकडे बघायला लागली.

बाकीच्या खोल्यांच्या तुळया चौकोनी तासलेल्या होत्या. ही गोल का?


“अहो, मंदावहिनींची तुळई चौकोनी आहे.”

“असेल.”

“पाच नंबरचीपण.”

“तू काय सगळ्यांच्या घरात जाऊन छपरं बघत हिंडलीस की काय?”

“हो.”

“छान.”

“आपलीच गोल का?”

“भिवाशेठनी खोली देतानाच सांगितलेलं मला. ‘गद्रे, तुमच्या खोलीत नवा सागवान घातलाय, खास. तासला असता तर जोर कमी झाला असता.’ ठाण्याच्या कोर्टात नोकरी करणारा माणूस म्हणून मानाने दिली त्यांनी आपल्याला ही खोली.”

“नव्या लाकडाला मधोमध खुंटी मारून बुजवलेलं भोक कसं?”

“भोक?”

“बघा ना. तिथूनच थेंब येतो.”

“... अंधारात मला काही दिसत नाही.”

“मग मी बॅटरी आणते.”

“नको. हे बघ, उद्या धाकू येईल, फेरी करील, जाईल. तू उगाच त्याला वाफेत कोंडू नकोस. हसं होईल. आधीच झालंय.”

“मी कशाला कोंडते? दार लावायला तोच सांगतो.”

“आणि काहीच गळलं नाही तर?”

“तर मीच वेडी.”

“तसं नाही म्हणालो मी.”

“मला लाकडाशी भांडायचं नाहीय हो. मला पाळणा टांगायचाय.”

“टांगू की. दारा...”

“...”

“नाही. दाराशी नको.”

“नको ना?”

“नको. उद्या मी उशिरा जातो. अर्धी रजा टाकतो. स्टोव्हमध्ये रॉकेल आहे का पुरेसं?”


“वासंती, आज काय उकडतेयस गं? आमच्या भिंतीला घाम फुटला.”

“मालकाला उकडतेय, मंदावहिनी.”

“अगंबाई. किती शिट्या?”

“आमच्याकडे कुठला कुकर!”

“मग शिजायला वेळ लागेल. जुना माणूस नाही, पण निबर आहे.”

तेवढ्यात दारात धाकू. चाळिशीचा, अंगात बनियन, काठी खांद्यावर. मागे ठमाबाई, गुडघ्याच्या वर कासोटा, कपाळ मोकळं, पायांना अजून मिठागरातल्यासारख्या भेगा. उंबऱ्यातच दोघं थबकली. आतून वाफ त्यांच्या तोंडावर आली.

“आगं आय! वहिनी, धूर केवरा!”

“धूर नाही, वाफ आहे.”

“कशाची?”

“पाण्याची.”

धाकूने श्रीपादकडे पाहिलं. बायकोबद्दल नवऱ्याने काही खुलासा करावा अशी त्याची अपेक्षा असावी. श्रीपादने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, तो पुन्हा धुरकट झाला.

“या ना,” श्रीपाद म्हणाला, “या. दार लावतो.”

“मना वाटला तुमी म्हनाल उगरा ठेवा.”

“फेरी आहे ना? मग लावायलाच हवं.”

वासंतीने मधोमध पाट मांडला होता.

“आजी, आज भिंतीशी नका बसू. भिंत ओली झालीय. इथे बसा.”

ठमाबाईने पाटाकडे पाहिलं, पाटाच्या बरोबर वर पाहिलं, मग वासंतीकडे. आणि ती बसली.

दार लागलं.


चांदण्या दिसल्या. पण या वेळी त्या ठिपक्यांसारख्या नव्हत्या. खोलीभर वाफ होती, आणि प्रत्येक फटीतून उन्हाची एकेक पांढरी काठी तिरपी खाली उतरली होती. एक स्टोव्हवर, एक श्रीपादच्या खांद्यावर, एक कोनाड्यातल्या गणपतीवर.

“अरे वा,” श्रीपादच्या तोंडून निघालं.

ठक्. “गोपीनाथ!”

खरखर. एक काठी गेली.

ठक्. खरखर. गणपती अंधारात गेला.

“काय रं, भजी तलतान का खाली?” गोपीनाथ वरून म्हणाला. “कौलातून वाफ येते.”

“तू तुजा काम कर.”

ठक्. ठक्. शेवटची काठी श्रीपादच्या खांद्यावरची. ती गेली आणि मग काहीच दिसेना. स्टोव्हची निळी कडी तेवढी, तीही पातेल्याखाली दडलेली.

“झाली. खोली पास. दार उगरा, मी मेलो.”

“थांबा.”

“आता काय, वहिनी?”

“थोडं थांबा.”

“कशाला पन?”

पाणी खदखदत होतं. कुणीतरी घशाशी खाकरलं. भिंतीपलीकडे मंदाकिनीबाईंनी पळी खाली ठेवली, मुद्दाम आवाज न करता, म्हणून ती ऐकू आली.

“वासंती,” श्रीपादचा आवाज, अगदी हळू, “तुलाच त्रास होईल एवढ्या उकाड्यात.”

“मी ठीक आहे.”

“धाकूशेठ, थोडा वेळ. माझ्यासाठी.”

“साहेब, तुमच्यासाठी थांबतो. पन काय होनाराय? चांदनी नाय, फट नाय, पाऊस नाय. आकाशानसुदा पानी नाय अजून. तं हितं कठून...”

“धाकू.”

ठमाबाईचा आवाज.

“काय, आये?”

“पानी परला.”

“कठं?”

“माज्या हातावर.”

“वर ऊन हाय, आये.”

“ऊन हाय तं हाय. पानी परला.”

“तुजाच घाम असंल.”

मग अंधारात एक अगदी लहानसा आवाज झाला. जीभ टाळूला लावून सोडल्यावर होतो तसा.

“माज्या घामाची चव मना ठाव नाय? खारा हाय. पन ह्यो घाम माजा नाय.”


दार उघडलं. ऊन आत आलं, वाफ बाहेर गेली, आणि सगळ्यांनी एकदम वर पाहिलं.

गोल तुळईच्या पोटाला बारीक बारीक थेंबांची रांग लागली होती. रांग दोन्हीकडून हळूहळू मधे सरकत होती. मधे, बुजवलेल्या भोकापाशी, एक थेंब मोठा होत होता. तो लांबला, सुटला, पाटावर पडला.

कौलं कोरडी ठणठणीत.

वासंतीला वाटलं होतं की या क्षणी तिला जिंकल्यासारखं वाटेल. तसं काही झालं नाही. तिला फक्त पुढचं विचारायचं होतं.

“लाकडातून? पण लाकडातून पाणी कसं येईल? आणि खारं का?”

धाकू तुळईकडे बघत नव्हता. तो आईकडे बघत होता.

“आजी, तुम्हाला माहितीय. तुम्ही इथेच हात जोडता.”

ठमाबाईने बोट पदराला पुसलं. “बापाचा शबूद हाय तो. पोरानं मोरला तं मोरू दे. मी नाय मोरनार.”

“आये, मना कशाला...”

“तूच सांग. घर तुज्या नावावर हाय.”

धाकूने काठी भिंतीला टेकवली. ती घसरून पडली. त्याने उचलून पुन्हा टेकवली.

“साहेब,” तो श्रीपादला म्हणाला, “बाबा तुमाला बोलले ना, नवा सागवान?”

“हो. स्वतः मला म्हणाले.”

“ते अर्दं खरं हाय. सागवान हाय. नवा नाय.”

“म्हणजे?”

“आमच्या मचव्याची डोलकाठी हाय ती.”


थेंब. त्याआधी बुजवलेलं भोक, ज्यात एके काळी शीड वर चढवायची कप्पी होती. त्याआधी चाळ बांधायला काढलेला भिवा म्हात्रे, लढाई संपलेली पण लाकूड अजून कंट्रोलात, वखारीतून मागेल तेवढं मिळत नाही, चार नंबरची तुळई तेवढी राहिलेली. त्याआधी कोपरच्या चिखलात कलंडून पडलेला मचवा, कारण मीठ आता रेल्वेच्या वाघिणींतून जायला लागलं होतं. त्याआधी तोच मचवा, उभा, पोटात मिठाच्या राशी, भरतीबरोबर ठाण्याच्या बंदराकडे निघालेला. वर्षामागून वर्षं मिठाचा वारा, मिठाचे हात, मिठाचं पाणी त्या काठीत मुरत गेलेलं. त्याआधी मिठागराच्या वाफ्यात उन्हाने आटणारं पाणी, त्याआधी खाडी, त्याआधी समुद्र.

आणि मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं तेव्हा छप्पर गळतंय असं कोण म्हणतं?


“म्हणजे आमच्या खोलीवर काय आहे?” भिंतीपलीकडून मंदाकिनीबाई. “नांगर?”

“तुमचं लाकूड वखारीतलं हाय, मंदाताई. पावती हाय.”

“हे बरं. आम्हाला वखारीतलं, आणि गद्र्यांना जहाज.”

श्रीपादला हसू आलं, पण त्याने ते आवरलं. “पण धाकूशेठ, लपवलं कशाला? मचव्याचं तर मचव्याचं.”

धाकूने मान खाजवली. “तुमच्यासारखी कोर्टातली, हापिसातली माणसं येनार. जुन्या होरीचं लाकूर घातलं म्हटलं तं खोली कोन घेनार? बाबा बोलले, कुनाला सांगायचा नाय. मंग नाय सांगलं. पन ती अशी रडते हे देवाशपथ ठाव नव्हतं, वहिनी. आमी कौलंच बगत ऱ्हायलो.”

“पानी वरशीच येतं असा वाटतं सगल्यांना,” ठमाबाई म्हणाली. “मना पन तसाच वाटला. मचव्यावर ती पावसाल्यान घामायची, ते मना ठाव. पन घरान आल्यावर ती लाकूर झाली असा मी समजले. तुमी पानी भांड्यान धरून मोरीन ओतलेला. कुनी चाखलाच नाय.”

वासंतीला माघातलं मनगट आठवलं. तिने ते पुसलं होतं. एकदा जिभेला लावलं असतं तर. पण छपरातलं पाणी कोण तोंडात घालतं? आणि मीठ पिकवणाऱ्यांपर्यंत थेंब कधी पोचलाच नाही. ते यायचे वैशाखात. थेंब यायचा आषाढात.

“हिला काढायचं म्हनाल,” धाकू घाईने म्हणाला, “तं छप्पर उतरवावं लागंल. पावसाला म्हयना ऱ्हायला. दिवालीनंतर बघू. तोवर तुमी पाठच्या चाळीतली खोली...”

“मला खोली नको.”

“मंग?”

“मला पाळणा कुठे टांगू तेवढं सांगा.”

धाकूची नजर माळ्याकडे गेली. मागच्या पाळण्याचं त्याला ठाऊक होतं. त्या दिवशी कोपरच्या मसणात लाकडं त्याने पोचवली नव्हती, लहानाला लाकडं लागत नाहीत, पण खड्डा खणायला माणूस त्यानेच दिला होता.

ठमाबाई पाटावरून उठली. तुळईला हात पुरेना, म्हणून धाकूची काठी घेऊन तिने तुळईला हळूच टेकवली, आधी भोकाच्या अलीकडे, मग पलीकडे.

“हितं एक करी. नं हितं एक. याच काठीला झोली बांदून मी माजी पोरं निजवली. मीठ भरतानी कोन धरनार त्यांना? हा धाकू पन. पावसाल्यान येकदा उल्हास नदीवर अरकलेलो आमी, तवा हा आठ दिवसांचा.”

“आणि थेंब?” वासंतीने विचारलं. “थेंब पडायचा ना त्यांच्यावर?”

“परायचा कसा? पान्याला वाट दिली ना का ते परत नाय. चालतं.”

“चालतं म्हणजे?”

ठमाबाई वर बघून ओरडली, “गोप्या! काथ्याची दोरी दे.”

एक कौल उचललं गेलं. चौकोनी ऊन आत पडलं, त्यामागून गोपीनाथचा काळा, घामेजलेला हात आत आला, हातात काथ्याच्या दोरीची गुंडी. नंतर त्याचं अर्धं तोंड आलं. “कोन मेला काय?”

“तुजी अक्कल. दे हकरं.”

श्रीपाद स्टुलावर चढला. तो कधी स्टुलावर चढला नव्हता. वासंतीने स्टूल धरलं, मग धाकूने वासंतीला बाजूला करून स्वतः धरलं. ठमाबाईने खालून सांगितलं तसा श्रीपादने भोकाच्या लगत तुळईला दोरीचा वेढा दिला. पहिला फास सुटला. दुसरा सुटला.

“कोर्टान गाठ नाय मारत काय, साहेब?”

“फायलींना मारतो,” श्रीपाद म्हणाला. “सुटली तर शिपाई बांधतो.”

तिसरा बसला. दोरीचं दुसरं टोक ताणून मागच्या कोपऱ्यात, मोरीच्या वर, खिळ्याला बांधलं. थोडं उतरतं. तिथून टोक मोरीत लोंबतं सोडलं. वासंतीने स्टोव्ह पुन्हा पेटवला, दार पुन्हा लोटलं, फक्त या वेळी बोटभर फट ठेवली. बघायचं होतं.

पहिला थेंब आला. भोकाखाली लोंबकळला. सगळे श्वास धरून.

दोरीला लागला आणि नाहीसा झाला.

“गेला कुठे?” श्रीपाद.

“पिली ती. कोरी हाय ना. तिला आधी पिऊ दे.”

दुसराही दोरीने प्यायला. तिसरा, चौथा. दोरी भुरीची काळपट होत गेली, भोकापासून कोपऱ्याकडे, जणू कुणी बोटाने रंग ओढतंय. मग पुढचा थेंब आला, दोरीवर बसला आणि क्षणभर तिथेच राहिला. वासंतीला वाटलं, पडणार.

तो निघाला. दोरीच्या पोटाला लोंबकळत, थांबत, पुन्हा निघत, पाटाच्या वरून, श्रीपादच्या डोक्यावरून, चुलीच्या कडेने.

“काय झालं? अहो, कुणी सांगाल का?” भिंतीपलीकडे मंदाकिनीबाई रडकुंडीला आल्या होत्या. “मला नुसती वाफ येतेय!”

“चालतोय, वहिनी,” वासंती म्हणाली. “थेंब चालतोय.”

मोरीत टप् वाजलं.

“कऱ्या मी ठोकतो,” धाकू म्हणाला. “आजच. लोखंडाच्या नको, गंजतील. पितली आनतो.”

ठमाबाईने निघताना वर बघून हात जोडले. या वेळी तिच्यामागे वासंतीनेही जोडले, कशाला ते पुरतं न कळताच.


आषाढ

मुलगी झाली. सुईण चार नंबरातच आली, बारशाला चाळ मावली नाही. मंदाकिनीबाईंनी लाकडी चिमण्यांचं चिमणाळं आणलं, लाल, हिरव्या, एक पिवळी. पाळणा मधोमध, भोकाच्या खाली, दोन पितळी कड्यांना. दार दूर, चूल दूर. बाहेर कोपरची खाडी बांधापर्यंत चढलेली आणि पाऊस तीन दिवस न थांबलेला.

ठमाबाई आली तेव्हा मंदाकिनीबाई मीठ-मोहऱ्या हातात घेऊन बाळाची दृष्ट काढत होत्या.

“मीठ कशाला वाया घालवता?” ठमाबाई म्हणाली. “एवरा वर टांगलाय.”

सव्वा महिना उलटला. त्या दिवशी वासंतीने न्हाऊन बाळाला पहिल्यांदा खिडकीशी नेलं, पाऊस दाखवला, परत आणून पाळण्यात ठेवलं. बाळाला सर्दी नव्हती. बाळ चिमणाळ्याकडे बघत नव्हतं. कितीही हलवलं तरी त्याच्या पलीकडे, वर बघत होतं.

वासंती वाकली. बाळाच्या डोळ्यांच्या रेषेत आपले डोळे आणले आणि वर पाहिलं. दोरीवरून एक थेंब चालला होता, त्याच्यामागे दुसरा, त्याच्यामागे थोड्या अंतराने आणखी एक. पहिला मोरीवर पोचला की बाळाचे डोळे सरसर मागे यायचे आणि पुढचा पकडायचे.

तिने हात उंच करून दोरीला बोट लावलं. बोट जिभेला लावलं.

खारं.

पाळण्यातून डोळे तिच्याकडे वळले. मधला एक थेंब कुठे गेला ते त्यांना कळलं नव्हतं.